मुकादमाला रोज किती चालवायचं

३ फेब्रुवारी

दाराची चौकट खाल्ली! खालचा कोपरा पार कुरतडून टाकला. मी भाजी घ्यायला गेले तेवढ्यात. परत आले तर मुकादम भुशात बसलेला, मिशांना लाकडाचे तुकडे, आणि चेहरा असा की चोराला पकडायलाच जणू तो तिथे बसला होता.

वरच्या मजल्यावरची जिन्यात भेटली. ‘काकू, आमच्या बाळाला निदान कडेवर घेऊन फिरवता येतं. तुमचा हा दुपारभर रडतो, ह्याला कुठे घेऊ?’ हसत म्हणाली. पण म्हणालीच.

मुलाला फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं. त्याने लगेच धरलं — ‘आई, तो लांब पायांचा कुत्रा आहे. त्याला पळायला लागतं. बाबा रोज तळ्यावर न्यायचे, फेरी मारून आणायचे. तू त्याला खाली अंगणात दोन मिनिटं सोडतेस. वेडा होईल नाही तर काय?’ त्याच्या मित्राची शहराबाहेर रोपवाटिका आहे. मोकळी जमीन, आणखी दोन कुत्री. महिनाअखेरीला येतो म्हणाला, घेऊन जातो.

‘बघू,’ म्हटलं.

बघू कसलं! देणार नाही. हे गेले नोव्हेंबरात. कपडे दिले, ब्रश दिले, रंगाचे डबे दिले, ह्यांची खुर्चीसुद्धा दिली. त्यांच्यामागे श्वास घेणारं एवढंच उरलंय घरात. ते कसं देऊ?

५ फेब्रुवारी

ग्रंथालयातून कुत्र्यांवरचं पुस्तक आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आज कथा नको का?’ म्हटलं, घरात चालू आहे एक.

शाळा मला माहीत नाही. हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ओल्या पाट्या आमच्या खोलीत भिंतीला टेकवून वाळायच्या, आणि चुलीपाशी बसल्या बसल्या मी ‘औषधे’, ‘दुपारी बंद’, ‘आत या’ असं लावत लावत वाचायला शिकले. अजूनही पुस्तक उघडलं की वाटतं, बोट लावलं तर रंग लागेल.

पुस्तक म्हणतं — मांडीवरच्या छोट्या कुत्र्यांना अर्धा तास पुरतो. मध्यम कुत्र्यांना तासभर. शिकारीच्या आणि मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना दोन तास, आणि त्यात मोकळं पळणं हवंच, नुसतं चालवून भागत नाही. ते मिळालं नाही तर ती कुरतडतात, भुंकतात, स्वतःचे पंजे चाटत बसतात. सगळं आमच्याच घरात येऊन लिहिल्यासारखं!

पण मुकादमाची जात कोणती? ह्यांनी त्याला एका दुकानाच्या शिडीखालून उचलून आणला. पिल्लू असताना शिडीखाली बसून वर बघत राहायचा, ह्यांच्या कामावर देखरेख केल्यासारखा, म्हणून मुकादम. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी काम सोडलं, तेव्हापासून रोज सकाळी दोघांची तळ्याची फेरी. पाय हरणाचे, छाती खोल, शेपटी कोणाची तरी उसनी. पुस्तकातल्या चित्रांपुढे त्याला उभा केला. त्याने पान हुंगलं आणि शिंकला.

दोन तास तर दोन तास. उद्यापासून मी नेते. इतकी वर्षं त्याला नेणं हे ह्यांचं काम, भांडं भरणं माझं. आता दोन्ही माझंच.

६ फेब्रुवारी

हा तर चालतच नाही!

फाटकाबाहेर पडताना मी दोरीचे मनगटाला दोन वेढे घेतले. वाटलं, ओढून पाडणार. कशाचं काय! दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसासारखा चालतो. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर बसला. उठला. चढ लागतो तिथे विजेच्या खांबाशी पुन्हा बसला — माझ्या पायाला अंग टेकवून, वर माझ्या तोंडाकडे बघत. मग चष्म्याच्या दुकानापर्यंत आलो आणि तिथे सरळ घराकडे तोंड फिरवलं. ओढलं तर चारही पाय रोवून उभा.

तळं अजून पुढे आहे. चढ संपायचा, मग पलीकडचा उतार. मी कधी गेले नाही, पण ह्यांच्या तोंडून वाट पाठ आहे.

झुरतोय तो. ह्यांच्याबरोबर पळायचा, माझ्याबरोबर पाय उचलत नाही.

७ फेब्रुवारी

आजही तेच. कोपरा, खांब, दुकान, परत. आणि दुपारी माझी डावी चप्पल खाल्ली.

९ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरीण अगदी पोरगेली आहे, पण हात धीट. म्हणाली, ‘आजी, ह्याचं हृदय ऐकायचंय?’ आणि नळ्या माझ्या कानात घातल्या.

बाई गं!

ह्या वयात पहिल्यांदा मी कोणाचं काळीज ऐकलं. मला वाटलं होतं धडधड ऐकू येईल. तसं नव्हतंच. सावकाश, मोठा ठोका, मग मध्ये ऐसपैस जागा, मग पुढचा — रिकाम्या मोठ्या सभागृहात कोणी एकटंच चालत असावं तसा. एवढ्याशा फासळ्यांच्या आत एवढं मोठं काय ठेवलंय! नळ्या काढवेनात.

‘हे पळणाऱ्या जनावराचं हृदय आहे, आजी. ह्याला काहीही झालेलं नाही. पळवा.’

‘पळत नाही गं. माणूस गेलंय त्याचं.’

‘दुःखी कुत्रा खात नाही. ह्याचं वजन बघा.’

मुकादम वजनकाट्यावर ऐटीत बसला होता. उतरायला तयार नाही. ‘ह्याला पुढचा पेशंट बघायचाय,’ ती म्हणाली.

हसले. खूप दिवसांनी. पण मग काय झालंय ह्याला? पळणारं काळीज आहे आणि आजाऱ्याची चाल.

१२ फेब्रुवारी

जे कळलं ते लिहून ठेवते. 

चष्मेवाला दुकानाची काच पुसत होता. मुकादम पायरीशी बसला तसा तो वळला. ‘वहिनी, तुम्ही पेंटरदादांच्या घरच्या ना? कुत्र्यावरून ओळखलं.’ आतून स्टूल आणलं. ‘बसा. दादा पायरीवरच बसायचे. स्टूल दिलं की रागवायचे — मी काय म्हातारा आहे का!’

मी म्हटलं, ‘तळ्यावरून येताना बसत असतील.’

‘तळ्यावरून? छे हो. इथपर्यंतच यायचे. निदान शेवटची दोन वर्षं तरी. इथे दम खायचे, मग परत. आणि हा असा आडवा उभा त्यांच्यापुढे, रस्त्याकडे पाठ करून. मी म्हणायचो, दादा, तुमचा मुकादम पडदा धरतोय. हसायलासुद्धा श्वास पुरायचा नाही त्यांना.’

 त्याला वाटलं मला माहीत असणारच. बोलत राहिला.

‘पण तळ्याची खबर रोज घ्यायचे हां! सकाळी पळायला जाणारे इथूनच परततात. त्यांना थांबवायचे. आज काय होतं? पाणी कसं होतं? बगळे आले का? एकजण म्हणाला, ठीक होतं. त्याच्यावर असे उखडले! डोळे आहेत ना तुला? मग ठीक म्हणजे काय? मी म्हटलं, दादा, त्याला सोडू नका, गिऱ्हाईक आहे माझं.’

घरी आले. दोरी हातात तशीच धरून किती वेळ बसले कोण जाणे.

रोज सकाळी दार उघडायचे आणि मला सांगायचे. ‘आज दोन बगळे भांडत होते, मधे तिसरा न्यायाधीश.’ ‘आज पाणी कोऱ्या पाटीसारखं होतं, काही तरी लिहावंसं वाटलं.’ ‘मुकादम अख्खी फेरी पळाला, बघ कसा दमलाय.’ मी चहा ओतत ऐकायचे. तुम्ही का दमलात, असं कधी विचारलं नाही. तळ्यावर जाऊन आलेला माणूस दमणारच.

हॉस्पिटलात म्हणाले होते, हे दुखणं आजचं नाही, बरंच जुनं आहे. मी त्यांच्याशी भांडले होते. रोज तळ्यापर्यंत चालणाऱ्या माणसाला जुनं दुखणं कसलं!

१३ फेब्रुवारी

खोटारडा.

१४ फेब्रुवारी

काल त्या एका शब्दापुढे लिहिता आलं नाही. आज राग आहे, पण त्याच्याशेजारी दुसरंही काही तरी येऊन बसलंय.

घरात पडून राहिले असते तर मी डॉक्टर आणला असता, रडले असते, बाहेर जाऊ दिलं नसतं. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पायरीवर बसून, धाप आवरत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एक एक बगळा गोळा करायचा. त्याला घरी येईपर्यंत रंग द्यायचा. आणि माझ्यापुढे वाळत ठेवायचा. दोन वर्षं, रोज! मी पुस्तकं वाचते त्यांत इतकं कोणी केलेलं नाही.

आणि हा दुसरा. ते पळणारं काळीज घेऊन रोज त्या पायरीपर्यंत पाय मोजून चालला. कधी ओढलं नाही. ओढलं असतं तर हे पडले असते, मला कळलं असतं.

मला सांगा, पुस्तकात ह्याचा तास कुठल्या रकान्यात धरायचा?

१६ फेब्रुवारी

आज एक करून पाहिलं. दुपारी मुकादम बाजेखाली गाढ झोपला होता. मी खुर्चीत बसून उगाच धापा टाकल्या. मोठ्या नाहीत, ह्यांना लागायच्या तशा — आत ओढलेल्या, तोंड मिटून.

झोपेतून उठला. डोळे अर्धे मिटलेलेच. येऊन माझ्यापुढे आडवा उभा राहिला, दाराकडे पाठ करून.

 मी नीट श्वास घ्यायला लागले तशी त्याने वळून माझं तोंड पाहिलं, अजून थोडा वेळ थांबला, आणि मग जाऊन झोपला.

म्हणजे तो झुरत नाही. तो कामावर आहे. कोपऱ्यावर थांबतो, खांबाशी थांबतो — माणसाला दम घेऊ देतो. त्याच्या लेखी दोरीच्या दुसऱ्या टोकाला जे कोणी असतं ते आजारीच असतं. दिवसभर ते आतलं पळणं दाबून ठेवायचं, मग दुपारी चौकट नाही खाणार तर काय!

त्याला कोणी तरी सांगायला हवं की सुटी झाली. पण कसं सांगायचं?

१९ फेब्रुवारी

चालताना बोलत राहते. कोपऱ्यावर बोलते, खांबाशी बोलते. आवाज सलग निघाला की मला श्वास पुरतोय हे त्याला कळतं, असं वाटतं. आज खांबाशी बसला नाही! नुसता थबकला, वर पाहिलं आणि पुढे.

लोक बघतात. बघू देत. कुत्र्याशी बोलणारी बाई म्हणजे काही आठवं आश्चर्य नाही.

२० फेब्रुवारी

दुकानाच्या पुढे नाही म्हणजे नाही. चष्मेवाला मागून ढकलायला आला. मुकादमाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो म्हणाला, ‘वहिनी, मी आपला चष्मेच विकतो.’

२२ फेब्रुवारी

आज दोरी सोडून दिली. पायरीशी. आणि मी एकटीच चढायला लागले, मोठ्याने बोलत. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाठीची त्वचासुद्धा कान झाली होती.

चढाच्या टोकाला पोचले तेव्हा हाताला ओलं नाक लागलं.

उतारावर तळं दिसलं. आम्ही दोघं थांबलो. त्यानेही पूर्वी कधी पाहिलं नव्हतं ते! हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याचे कान असे पुढे आले होते, जसे घरात कोणी नवं माणूस आल्यावर येतात.

ह्यांच्या तळ्यापेक्षा लहान आहे. एका कडेला गंजलेला कठडा, शेवाळं, कोणी टाकलेली बाटली. पण बगळे होते. खरंच होते. आणि पाणी... मी शब्द शोधत उभी राहिले आणि कळलं, ह्यांनी सांगितलं त्याहून चांगलं मला सांगता येणार नाही. न पाहता सांगितलं होतं त्यांनी!

खाली मोकळं मैदान आहे. मुकादमाने मैदान पाहिलं. मग माझं तोंड पाहिलं. आणि बसला.

मग मी पळाले.

लिहिताना हसू येतंय. चपला हातात घेतल्या आणि पळाले. पळणं कसलं, हंड्यातलं पाणी सांडू नये तशी तुरुतुरु. कठड्यावरचे दोन म्हातारे बोलायचे थांबले. एक म्हणाला, ‘बाई, काही चोरीला गेलं का?’ मला उत्तर द्यायला वेळ नव्हता. तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, तोल सावरत पळत होते, आणि मागून काही येत नव्हतं.

आणि मग आलं. माझ्या शेजारून वारा गेला.

मी उभी राहिले. असं काही मी आजवर पाहिलेलं नाही. पाय जमिनीला लागतच नव्हते, लागल्यासारखे दाखवून उचलत होता. पाठ धनुष्यासारखी वाकायची आणि सुटायची. वळताना अख्खा आडवा व्हायचा, पडला पडला म्हणेपर्यंत सरळ. बगळे उडाले, त्यांच्या सावल्यांच्या मागे पाण्यापर्यंत गेला, पाण्याच्या कडेकडेने पलीकडे, एवढासा ठिपका झाला, आणि ठिपका परत मोठा होत माझ्याकडे. पाच वर्षं हे आमच्या बाजेखाली झोपलेलं होतं!

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. म्हातारे उभे राहून बघत होते. तो मघाचा म्हणाला, ‘कोणाचं आहे हो हे?’

मला ‘माझं’ म्हणता आलं नाही. असलं काही कोणाचं असतं का!

२३ फेब्रुवारी

गुडघे. दोन्ही.

२४ फेब्रुवारी

आजही उठवत नाही. मुकादम पलंगाशी पडून आहे. चौकट खाल्ली नाही, रडला नाही, दाराकडे एकदाही गेला नाही. दोरी खुंटीवरून खाली पडली तेव्हा मान उचलली — दोरीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मान पुन्हा पंजांवर.

मागत नाही तो. हीच तर पंचाईत आहे.

२८ फेब्रुवारी

मुलगा आला. गुडघे जरा बरे होते. म्हटलं, आधी तळ्यावर चल, मग बोल.

चढावर त्याला बाबांचं सगळं सांगितलं. पायरी, दम, गोळा केलेले बगळे. तो माझ्यापुढे चालायला लागला, तोंड दिसू नये म्हणून. बापासारखाच. वर पोचल्यावर म्हणाला, ‘मला पण फोनवर सांगायचे गं. त्या न्यायाधीश बगळ्याचं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं.’

मैदानात मी चार पावलं पळून दाखवली. मुकादम सुटला. मुलगा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, ‘आई, हा कुत्रा आहे का काय आहे?’

परतताना म्हणाला, ‘मित्राला नको सांगतो. राहू दे तुझ्याकडे. बाबांनी सांगितलेलं तू खरं केलंस.’

जिंकले! पोराने स्वतः म्हटलं. मुकादमाला सांगितलं, राहायचं हां इथेच. तिघं चढ उतरून घरी आलो. मुलगा पुढे भरभर, आम्ही मागे. मुकादम पुन्हा त्याच चालीवर. माझ्या गुडघ्यात कळ आली की थांबायचा. मला कळायच्या आधी त्याला कळत होतं.

४ मार्च

तळ्यावर आठवड्यातून एकदा जमेल. पुस्तक रोज म्हणतं. आज पुस्तक परत केलं. बाई म्हणाल्या, ‘मिळालं उत्तर?’ म्हटलं, त्यात उत्तर होतंच, मीच उशिरा वाचलं.

७ मार्च

परवा मीच फोन केला, मुकादमाला रोपवाटिकेत ठेवू म्हणून. मुलगा म्हणाला, ‘अगं, पण तू जिंकलीस ना!’ म्हटलं, एक माणूस त्याने शेवटपर्यंत सांभाळलं. आता त्याने दुसरं धरलंय.

रोपवाटिकेच्या फाटकात दोरी सोडली. आत मोकळं रान, दोन कुत्री वाट बघत उभी. तो गेला नाही. वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी रडले असते तर तो हललाच नसता. मी तोंड मिटलं, नाकाने सावकाश श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. हसले. दोन वर्षं माणूस हे कसं करत होता ते तेव्हा मला कळलं.

त्याची खात्री पटली. पळत गेला.